भाचा किंगस्नेक पाळायचा म्हणतोय, तेही जळगावात!

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. भाचा जळगावला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, राहतो घरीच, म्हणजे माझ्या बहिणीकडे. व्हिडिओ बघून बघून त्याच्या डोक्यात किंगस्नेक शिरलाय. कॅलिफोर्निया किंगस्नेक म्हणे. काळ्या अंगावर पांढरे पट्टे, बिनविषारी, हातात घेतला तरी काही करत नाही, आणि वर रॅटलस्नेकसारख्या विषारी सापाला गिळतो. कुठल्याशा ग्रुपवर एक जण पिल्लू द्यायला तयार आहे. "कागदबिगद काही लागत नाहीत" असं त्याने सांगितलंय.
मेहुणे म्हणतात, पोरगं बुलेट मागत नाही, साप मागतंय, स्वस्तात सुटलो. बहीण म्हणते, साप घरात आला तर मी माहेरी. माहेर म्हणजे मी. तेव्हा या धाग्यात माझा स्वार्थ आहे हे आधीच सांगतो.
हा साप रानात कसा वागतो, घरात कसा वागतो? आपल्या मे महिन्यात टिकतो का? आणि कागद लागत नाहीत हे खरं का?
साप देव की वैरी यावर कृपया चर्चा नको. तो धागा मागच्या नागपंचमीला झालाय, ॲडमिनला कुलूप लावावं लागलं होतं.

मिरचीवाली_नंदुरबार
बहिणीची खोली झाडून ठेवा.

शेवभाजी
उद्या स्थळं बघताना काय सांगणार? "मुलगा निर्व्यसनी, घरचं चांगलं, एक साप आहे."

आप्पा_शिरपूरकर
पैसा दिसन साप लेवाना? काय जमाना उना भो! आमना वावरमा फुकट शेतस. भाचाले म्हना पोतं लई ये.

सातपुड्याचा_वाटसरू
आप्पा, पोतं घेऊन आला तर वनखात्याची गाडीही मागोमाग येईल. :)
गिरणाकाठ, भाच्याचा किंग कोब्राशी घोळ होत नाहीये ना, तेवढं आधी बघा. किंग कोब्रा म्हणजे नागराज, विषारी. तो पश्चिम घाटात आगुंब्याकडे, ईशान्येकडे वगैरे. आपल्या खान्देशात नाही. किंगस्नेक पूर्ण वेगळा, अमेरिका-मेक्सिकोकडचा, बिनविषारी, साधारण तीन-चार फूट. दोघांत साम्य एवढंच की दोघेही दुसरे साप खातात.

मेघा_धुळे
कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे लांबण लागणार. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी थेट शेवभाजींच्या पुढच्या विनोदावर जावं.
रानातला किंगस्नेक मिळेल ते खातो. उंदीर, सरडे, पक्ष्यांची अंडी, कासवांची अंडी, आणि दुसरे साप. त्या सापांत रॅटलस्नेक, कॉपरहेड, कॉटनमाउथ असे जहाल विषारीही आले. त्यांच्या विषाला निकामी करणारे घटक किंगस्नेकच्या रक्तातच असतात, म्हणून दंश झाला तरी तो सहसा निभावून नेतो. स्वतःकडे विष नाही, हत्यार एकच, विळखा. डेव्हिड पेनिंग आणि ब्रॅड मून या दोघांनी हा विळखा मोजला होता, २०१७ साली ते प्रसिद्ध झालं. किंगस्नेक आणि तिकडचे रॅटस्नेक यांचे स्नायू जवळपास सारखेच भरले, तरी दाब किंगस्नेकचा जास्त. फरक विळखा घालण्याच्या तऱ्हेत. रॅटस्नेक कसाही गुंडाळतो, किंगस्नेक वेटोळ्याला वेटोळं लावून नीट बसवतो.
मला स्वतःला जास्त गंमत वाटते ती रॅटलस्नेकची. एरवी शेपटी वाजवून डसायच्या पवित्र्यात बसणारा हा साप, किंगस्नेकचा वास आला की वागणं बदलतो. डोकं जमिनीलगत लपवतो, अंगाचा मधला भाग कमानीसारखा उचलतो आणि त्याचाच फटका मारतो. दात सहसा वापरत नाही.
आणखी एक, किंगस्नेक आपल्याहून लांब सापही गिळू शकतो. आत जाताना भक्ष्याचा कणा नागमोडी दुमडत जातो, म्हणून लांब साप आखूड पोटात मावतो.
किंगस्नेक घाबरला की पाचोळ्यात शेपटी थरथरवतो, घाणेरड्या वासाचा द्रव सोडतो, तरी ऐकलं नाही तर चावतो.

शेवभाजी
माझा विनोद आला नाही कारण मी पूर्ण वाचलं. पहिल्यांदाच.

केळीबाग
मेघाताई, रावेरकडे केळीच्या बागेत मी नागाला धामण गिळताना पाहिलंय. वाळलेल्या पानांचा ढीग उचलायला गेलो तर आत हालचाल. नागाने धामणीला डोक्याकडून धरलेलं, निम्मी आत गेलेली, उरलेल्या निम्मीची शेपटी अजून केळीच्या खोडाला आटी मारून बसलेली. नाग तेवढी शेपटी ओढायचा, थांबायचा, जबडा एकदा डावीकडून पुढे सरकवायचा, एकदा उजवीकडून. फणा नाही, फुत्कार नाही. गडी ओरडला तसं त्याने सगळी धामण ओकून टाकली, चिकट लाळेने भरलेली, आणि पाटाकडे निघून गेला. गड्याला मी बोललो, जेवताना कुणाला उठवू नये.
म्हणजे आपला नागही किंगस्नेकच की एका अर्थी.

आप्पा_शिरपूरकर
नाग धामणले खास? मंग त्यासनं लगीन कसं व्हस? आमना आजा सांगे, धामण म्हंजे नागनी बायको.

मिरचीवाली_नंदुरबार
आप्पा, माझ्या ओळखीत अशी दोन-तीन लग्नं आहेत.

मेघा_धुळे
आप्पा, धामणीत नर वेगळा, मादी वेगळी. पावसाच्या तोंडाला बांधावर दोन साप एकमेकांना पीळ घालून उभे दिसतात ते बहुतेक वेळा दोन नर असतात, झुंज चाललेली असते. लोक त्याच्यावर नवं कापड टाकतात. नागाला धामण म्हणजे जेवण, बाकी नातं नाही. मण्यारही साप खाते, आणि मण्यारीचं पिल्लू मिळालं तर तेही सोडत नाही.

फिनिक्सचा_खान्देशी
मूळ अमळनेर, आता ॲरिझोना. माझ्याकडे कॅलिफोर्निया किंगस्नेक आहे, पिंजऱ्यातच जन्मलेला, ब्रीडरकडून रीतसर घेतलेला. तर घरातलं वागणं मी सांगतो.
"हातात घेतला तरी काही करत नाही" हे अर्धं खरं. पोट भरलेलं असताना घेतला तर बोटांतून फिरत राहतो, छान वाटतं. पण या जातीची भूक वाईट. झाकण सरकवलं की डोकं वर, जीभ लपलप. उंदीर फ्रीजरमधला असतो, कोमट पाण्यात वितळवून लांब चिमट्याने द्यायचा. मेलेला उंदीर, तरी हा त्याला झडप घालून पकडतो, पिळतो, दम धरतो, मग नाकाने चाचपत उंदराचं डोकं शोधतो आणि तिकडून गिळायला लागतो. झालं की तोंड वासून जबडा जागेवर बसवतो. त्या वेळात तुमच्या हाताला उंदराचा वास असेल तर हातही उंदीरच. आणि हा चावून सोडत नाही, चघळत बसतो. दुखतं थोडं, अपमान जास्त.
दोन एकत्र ठेवायचे नाहीत. एकच राहतो आणि तो जाड झालेला असतो. ब्रीडर लोक नर-मादी सोडतात तेव्हासुद्धा आधी दोघांना खाऊ घालून आणि समोर बसून.
पळण्यात पटाईत. डोकं घुसेल एवढी फट मिळाली की झालं. आमचा एकदा सिंकखाली निघाला. बायको एरंडोलची, किंचाळली नाही. मला पूर्ण नावाने हाक मारली. त्यावरून कळलं.
हिवाळ्यात खाणं सोडतो, नवीन पाळणारे घाबरतात. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळे होतात, तेव्हा चिडका असतो, हात लावू नये.
आणि हो, नीट ठेवला तर वीस वर्षं जगतो. भाचा नोकरीला पुण्याला जाईल. साप कुणाकडे राहील?

मिरचीवाली_नंदुरबार
बहिणीच्या रिकाम्या खोलीत.

गिरणाकाठ
@फिनिक्सचा_खान्देशी, तो तुम्हाला ओळखतो का? भाच्याचा मुख्य मुद्दा हाच आहे, "मामा, तो माणसाळतो."

फिनिक्सचा_खान्देशी
माझ्या वासाची सवय झाली आहे. या वासापासून धोका नाही, एवढं त्याला कळतं. जीव लावणं वगैरे त्याच्या खात्यात नाही. मी गावाला गेलो आणि शेजाऱ्याने उंदीर दिला तर तो शेजाऱ्याचा.

पुणेकर_पाहुणा
थोडं विरुद्ध बाजूने. कुत्रं दिवसभर साखळीला बांधलेलं चालतं, पोपट पिंजऱ्यात चालतो (तोही बेकायदा, पण घरोघरी आहे), मग पिंजऱ्यात जन्मलेल्या सापाने काय घोडं मारलंय? किंगस्नेकला पळायला मैदान लागत नाही, लपायला जागा आणि नीट तापमान लागतं. भुंकत नाही, केस गळत नाहीत. आणि सापाला रोज हाताळणारी पिढी दिसला साप की ठेच असं करणार नाही. भीती गेली तर सापच वाचतील.

सातपुड्याचा_वाटसरू
पुणेकर, शेवटच्या वाक्यावर थांबतो, कारण माझं अर्धं आयुष्य त्याच वाक्यात गेलंय.
यावल-चोपडा पट्ट्यात सापाचे फोन घेतो. भीती गेलेली पोरं मला जास्त घाबरवतात. भाच्याला कुठला साप हवाय ते पुन्हा वाचा. काळ्या अंगावर पांढरे पट्टे. आता पहिल्या पावसानंतर रात्री न्हाणीघरात जो साप निघतो, काळा, चकचकीत, पांढऱ्या पट्ट्यांचा, तो कोण? मण्यार. किंवा कवड्या, तो बिनविषारी. रोज पट्ट्यांचा साप हातात खेळवणाऱ्या पोराचा हात अशा वेळी आपोआप पुढे जातो. डोकं मागून येतं.
ओळख सांगतो, पण पकडण्यासाठी नाही. मण्यारीचे पट्टे बारीक, बरेचदा जोडीने, मानेजवळ पुसट किंवा नसतातच, शेपटीकडे ठळक. पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ. कवड्याचं उलटं, पट्टे मानेपासून ठळक आणि शेपटीकडे विरत जातात. किंगस्नेकचे पट्टे रुंद, डोक्यापासून शेपटीपर्यंत सारखे. पण रात्रीचे बारा, लाईट गेलेली, मोबाईलचा उजेड, साप हलतोय, अशात खवल्यांची ओळ कोण बघतो?
मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला. दुखत नाही, सूज नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, मग श्वास. घरचे म्हणतात रात्रीचं भरीत बाधलं.

शेवभाजी
भरिताची बदनामी थांबवा. बाकी अंगावर काटा आला.

मेघा_धुळे
वाटसरूदादांच्या मुद्द्याला जोड. किंगस्नेकच्या घरातही हाच खेळ आहे. स्कार्लेट किंगस्नेक बिनविषारी, पण लाल-काळे-पिवळे पट्टे असे की विषारी कोरल स्नेकच वाटावा. शत्रू फसतात, याचा जीव वाचतो. अमेरिकेत पोरांना पट्ट्यांच्या क्रमाचं यमक शिकवतात, लाल काळ्याला लागून की पिवळ्याला लागून. ते यमक तिथल्या जातींपुरतंच, दुसऱ्या देशात ते लावून साप उचलला तर संपलं.
आपल्याकडे यमकापेक्षा विषावरचं इंजेक्शन महत्त्वाचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांसाठी मिळून एकच प्रतिसर्पविष असतं. दंशाचा संशय आला तरी सरकारी दवाखाना गाठायचा. मांत्रिक नाही, ब्लेड नाही, दोरी आवळणं नाही.

आप्पा_शिरपूरकर
मना इचार आयका. हाई साप उंदीर खास, इखारी साप बी खास, माणूसले काय करत नही. मंग सरकारनी दोन टरक भरीसन आणा आनि कापूसना वावरमा सोडी द्या. घोणस बी गई, उंदीर बी गया.

केळीबाग
आप्पा कृषिमंत्री व्हायला हवे होते.

फिनिक्सचा_खान्देशी
आप्पा, हा प्रयोग एका बेटावर न ठरवता होऊन गेलाय. स्पेनचं ग्रान कॅनरिया बेट. तिथे मुळात सापच नव्हते. पाळीव कॅलिफोर्निया किंगस्नेक कुणाकडून निसटले किंवा सोडले गेले, १९९८ मध्ये पहिल्यांदा मोकळ्यावर दिसले. त्यात पांढरे अल्बिनोही होते, म्हणजे पिंजऱ्यातलंच बियाणं. तिथले मोठे सरडे मूळचे फक्त त्याच बेटावरचे, आणि सापाला घाबरायचं हे त्यांना माहीतच नव्हतं. किंगस्नेकने त्यांचा फडशा पाडला. साप जिथे पसरले तिथे सरडे जवळपास संपल्याचं आणि पालीही बऱ्याच घटल्याचं २०२१ च्या अभ्यासात आलंय. सरकार पिंजरे लावतंय, माणसं हाताने साप वेचतायत, तरी आवरत नाही, कारण हा साप बराच वेळ बिळात असतो.
शिवाय रॅटलस्नेकचं विष पचवणारं रक्त नाग-घोणसच्या विषाला पुरेल, असं धरून चालता येत नाही. उंदीर मारायला तुमची धामणच बरी. ती कामावर आहेच, पगार मागत नाही.

आप्पा_शिरपूरकर
बरं. टरक कॅन्सल.

कायद्याचं_बोला
उशिरा आलो, कोर्ट होतं. मूळ प्रश्नातला तिसरा भाग कुणीच घेतला नाही म्हणून.
आपले देशी साप पकडणं, पाळणं, विकणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. नाग असो, धामण असो, मांडूळ असो. "आम्ही जीव लावून ठेवला होता" हा बचाव चालत नाही. मांडुळाच्या नादात जेलची हवा खाऊन आलेले आपल्या जिल्ह्यांतही आहेत.
विदेशी सापाचं गणित वेगळं. बाहेरून जिवंत प्राणी आणायला आयातीचा परवाना लागतो, क्वारंटाईन लागतं. जून २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने सांगितलं होतं की घरी विदेशी प्राणी असतील तर सहा महिन्यांत स्वतःहून जाहीर करा, कागद विचारणार नाही. ती मुदत केव्हाच संपली. पुढे २०२२ ची दुरुस्ती आली, वन्यजीवांच्या व्यापारावरच्या CITES या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या प्राण्यांची नोंदणी त्यात सक्तीची झाली. मुंबई-चेन्नई विमानतळांवर बँकॉकहून येणाऱ्या बॅगांत सॉक्समध्ये, डब्यांत कोंबलेले साप सापडतात त्या बातम्या वाचत असालच. भाच्याचं पिल्लू त्यातलंच नाही हे कोण सांगणार?
"कागद लागत नाहीत" याचा अर्थ "माझ्याकडे कागद नाहीत" एवढाच. विकणारा ग्रुप सोडून जाईल, साप आणि केस मेहुण्यांच्या नावावर राहील. भाच्याने त्या माणसाला आयात परवान्याची प्रत आणि पक्कं बिल मागावं. उत्तर काय येतं ते इथे टाका.

पुणेकर_पाहुणा
कागदांच्या बाबतीत पूर्ण सहमत. मी रीतसर घेतलेल्याबद्दलच बोलत होतो. बाकी माझं मत कायम.

गिरणाकाठ
उन्हाचं राहिलं. जळगावचं ऊन तुम्हाला सांगायला नको.

फिनिक्सचा_खान्देशी
फिनिक्सही तेवढंच तापतं, म्हणून हे मी अधिकाराने सांगू शकतो. पेटीची एक बाजू तीस-एकतीस अंश, दुसरी चोवीस-पंचवीस. साप स्वतः इकडून तिकडे जाऊन हवं ते तापमान घेतो. बाहेर पंचेचाळीस असताना इथे चोवीस तास एसी चालतो.
आता गंमत बघा, याच वाळवंटात रानातले किंगस्नेक मजेत राहतात. कारण दिवसा ते उंदरांच्या बिळात, दगडाखाली खोल, जिथे गारवा आहे तिथे असतात आणि उन्हाळ्यात रात्रीच बाहेर पडतात. वसंतात तेच दिवसा फिरतात. त्यांचं जगणं म्हणजे जागा बदलणं. काचेच्या पेटीतल्या सापाला तुम्ही दिलेल्या दोन कोपऱ्यांशिवाय तिसरा कोपरा नाही. खोली चाळीसवर गेली की दोन्ही कोपरे चाळीसचे, आणि तो काचेला नाक घासत फेऱ्या मारतो. पाहवत नाही. तशात दुपारभर राहिला तर मरतो.

केळीबाग
म्हणजे मे महिन्यात दुपारी लाईट गेली की किंगस्नेकचा कारभार आटोपला. आमच्या फीडरवर तर आठवड्याला एक किंगस्नेक लागेल.

शेवभाजी
सापासाठी इन्व्हर्टर, आईसाठी हातपंखा. मेहुण्यांना हे वाक्य बहिणीसमोर वाचून दाखवा.

मिरचीवाली_नंदुरबार
आणि फ्रीजर! उंदीर फ्रीजरमध्ये ठेवतात हे वर लिहिलंय, कुणाच्या लक्षात आलं का? कैरीच्या फोडींशेजारी, मटारशेजारी. गिरणाकाठ, हा मुद्दा बहिणीला सांगू नका, त्या आजच निघतील.

सातपुड्याचा_वाटसरू
भाच्याला एक सुचवतो. सापाचं वागणंच बघायचं असेल तर पावसाळ्यात माझ्याकडे यावं. विहिरीवर पाणदिवड बेडूक कशी धरते, बांधावर धामण कशी डोकं उचलून बघते, लांबून, बॅटरी आणि गमबूट घालून. पकडायला शिकवणार नाही. वही घेऊन बसायचं आणि लिहायचं. चारच दिवसांत कंटाळला तर साप पाळायच्या लायकीचा नाही हेही कळेल, कारण पेटीतला साप तर बहुतेक वेळ नुसता पडून असतो.

फिनिक्सचा_खान्देशी
हे अगदी खरं. माझा आत्ता लाकडाखाली आहे. कालही तिथेच होता.

गिरणाकाठ
सगळ्यांचे आभार. अख्खा धागा भाच्याला वाचायला दिला. त्या माणसाला परवान्याची प्रत आणि बिल मागितलं, त्याने ब्लॉक केलं. उन्हाचा मुद्दा पटला म्हणतो. मण्यारीचा भाग दोनदा वाचला आणि काल न्हाणीघरात चप्पल घालून, लाईट लावून गेला. वाटसरूंना फोन करणार आहे, मृगानंतर येईन म्हणतो.
बहिणीने फक्त फ्रीजरचा प्रतिसाद वाचला. (मिरचीवाली, तुमचे विशेष आभार.)
आत्ता जेवताना त्याने विचारलं, "मामा, टॅरँट्युला कोळ्याला फ्रीजर लागत नाही ना?"

शेवभाजी
नवीन धागा काढा. हा भरला.